हातोड्यानें पाडलेलीं नाणीं

गेल्या गणेशचतुर्थीच्या आधींची गोष्ट. नोकरीनिमित्त इंग्लंडांत राहणारा आमचा पुतण्या सुटी घेऊन घरीं आला होता, व येतांना त्यानें तिकडील जुन्या नाण्यांच्या एका बाजारांतून आमच्यासाठीं एक लहानसें चांदीचें नाणें आणलें होतें. आकारानें तें आपल्याकडील जुन्या चांदीच्या पावलीएवढें. वजन मात्र पावलीच्या निम्मेंच, म्हणजे सुमारें दीड मासा. एका बाजूस मुकुट घातलेल्या, दोन्ही बाजूंनीं कुरळे केस मोकळे सोडलेल्या राजाचा समोरून दिसणारा चेहरा; दुसऱ्या बाजूस कांठापर्यंत पोंचलेला क्रूस व त्याच्या चार चौकांत तीन-तीन ठिपके. नाणें सुमारें सातशें वर्षांचें. घरांतील लहानथोर मंडळींच्या हातांतून तें फिरलें, मुलांनीं राजाच्या नाकडोळ्यांची यथेच्छ थट्टा केली, आणि रात्रीं तें एका वाटींत घालून देवघराच्या फळीवर ठेवण्यांत आलें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आमच्या काकूंनीं गणपतीसाठीं चांदीचीं उपकरणीं घासावयास काढलीं. तबक, निरांजनें, पंचपात्री, अत्तरदाणी ह्यांच्या जोडीला वाटींतलें तें काळवंडलेलें नाणेंही त्यांच्या दृष्टीस पडलें. चिंच आणि रांगोळी हाताशीं होतीच. दुपारीं त्यांनीं तें लखलखीत नाणें आमच्या हातावर ठेवून मोठ्या समाधानानें म्हटलें, "घे रे तुझा राजा. किती काळा पडला होता बिचारा!"

पुतण्याचा चेहरा उतरला. आम्हीही क्षणभर निरुत्तर झालों. घासून लख्ख केलेली वस्तु पाहून कोणास वाईट कां वाटावें, हें काकूंना उमगेना, आणि तें दोन वाक्यांत सांगण्याजोगेंही नव्हतें. त्या दिवशीं जेवणें झाल्यावर माजघरांत जें सांगावयास आम्ही बसलों, तेंच थोडें व्यवस्थित करून आमच्या वाचकांपुढें ठेवीत आहों.

नाणें पाडण्याची रीत

इंग्लंडांत यंत्रानें नाणीं पाडण्याची पद्धत १६६२ मध्यें कायमची रूढ झाली. तत्पूर्वीं सुमारें नऊशें वर्षें तेथील जवळजवळ प्रत्येक चांदीचें नाणें माणसाच्या हातानें व हातोड्याच्या घावानें पाडलें जात असे. चांदी ओतून तिच्या कांबी करीत, कांबी ठोकून पत्रा करीत, व पत्र्यांतून चकत्या कापीत. ठसे दोन असत. खालच्या ठशास टोंक काढून तो लांकडी ठोकळ्यांत पक्का बसवीत. वरचा ठसा कारागीर हातांत धरी. दोहोंच्या मध्यें चकती ठेवावयाची आणि वरच्या ठशावर हातोडा हाणावयाचा, कीं नाणें तयार. हातोडा थेट वरच्या ठशावर पडे म्हणून तो लवकर झिजे किंवा फुटे. त्यामुळें खालच्या एका ठशाच्या जोडीला वरचे दोन-तीन ठसे करून ठेवावे लागत.

ह्या रीतीमुळें कोणतींही दोन नाणीं तंतोतंत सारखीं होत नसत. कधीं चकती सरकून राजाचा अर्धा मुकुट बाहेर राही, कधीं घाव दोनदां बसून त्याला दोन नाकें फुटत. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. ठशावरील चित्र व अक्षरें कोरणीनें सलग कोरलेलीं नसत. चंद्रकोर, पाचर, ठिपका अशा आकारांच्या लहान लहान पोलादी खुणांनीं तीं ठोकून उठविलेलीं असत. अशी एखादी खूण वापरतां वापरतां तुटली, तर तिनें पुढें केलेल्या प्रत्येक ठशावर, आणि त्या ठशांनीं पाडलेल्या हजारों नाण्यांवर, तें तुटलेपण उमटे. आज अभ्यासक भिंग लावून तेंच शोधतात. नाण्यावर साल नसतें. कोणतें नाणें आधींचें व कोणतें नंतरचें हें ठरविण्यास पुष्कळ वेळां अशी एखादी तुटकी खूणच कामीं येते.

ही रीत आपणांस परकी वाटण्याचें कारण नाहीं. आपल्याकडील शिवराई व पेशवाईंतील रुपये ह्यांवरही ठसे हातोड्यानेंच उठविलेले आहेत.

एका पेनीचा संसार

इंग्लंडच्या ह्या नाण्यांत मुख्य नाणें चांदीची पेनी. आठव्या शतकाच्या उत्तरार्धांत मर्सिया राज्याच्या ऑफा राजानें (७५७–७९६) ती रुंद व पातळ अशा देखण्या स्वरूपांत आणली, आणि पुढें पांचशें वर्षें बहुतेक सारा व्यवहार ह्या एकाच नाण्यावर चालला. बारा पेन्सांचा शिलिंग व दोनशेंचाळीस पेन्सांचा पौंड हे हिशेबाच्या वहींत असत. परंतु शिलिंग किंवा पौंड म्हणून हातांत घ्यावें असें नाणेंच त्या काळीं नव्हतें. आपल्याकडील रुपये-आणे-पै १९५७ मध्यें गेले; इंग्लंडांतील तो २४० चा हिशेब मात्र १९७१ पर्यंत टिकून राहिला.

सुमारें ९७३ मध्यें एडगर राजानें सर्व देशांत एकच छाप सुरू केली. एका बाजूस राजाचें नांव व मुखवटा, दुसऱ्या बाजूस टांकसाळ चालविणाऱ्याचें नांव व गांवाचें नांव. आपल्याकडे टांकसाळे हें आडनांव आहेच. तोच शब्द ह्या लोकांस लावूं. अशा टांकसाळी थोड्याच काळांत साठांहून अधिक गांवीं निघाल्या. नांव घालण्यामागील हेतु सरळ होता. नाणें हिणकस निघालें तर कोणास धरावयाचें हें नाण्यावरच लिहिलेलें असे. आज त्यामुळें घडलें तें असें कीं, ज्यांचा अन्य कोठेंही उल्लेख नाहीं अशा शेंकडों साध्या माणसांचीं नांवें केवळ ह्या पातळ चकत्यांवर जिवंत राहिलीं. ह्याच काळांतील एथेलरेड राजानें समुद्रावरून येणाऱ्या डेन लोकांस खंडणीदाखल अपार चांदी दिली, आणि म्हणून त्याच्या काळचीं इंग्लिश नाणीं इंग्लंडपेक्षां स्वीडन-डेन्मार्ककडील जमिनींत अधिक सांपडतात. आक्रमण किती मोठें होतें, हें बखरींपेक्षां तीं नाणींच अधिक चोख सांगतात.

नांव घालण्याची जबाबदारी कागदी नव्हती. पहिल्या हेन्री राजाच्या वेळीं नाण्यांचा कस बिघडल्याचा बोभाटा झाला, तेव्हां ११२४ च्या नाताळांत देशांतील टांकसाळ्यांस विंचेस्टर येथें बोलावण्यांत आलें व त्यांचे उजवे हात तोडण्यांत आले. अपराधी किती व निरपराध किती, ह्याचा निवाडा आज कोण करणार? त्यांचीं नांवें असलेलीं नाणीं मात्र संग्रहांत आहेत. तीं हातांत घेतलीं म्हणजे ह्या छंदाची गंमत थोडा वेळ बाजूस राहते.

लहान क्रूस, मोठा क्रूस

११८० मध्यें दुसऱ्या हेन्रीनें नवी पेनी काढली. तिच्या पाठीवर लहान क्रूस असे. हेन्री ११८९ मध्यें वारला. मागून त्याचा पुत्र रिचर्ड व नंतर दुसरा पुत्र जॉन गादीवर आले. परंतु इंग्लंडांतील नाण्यांवर 'हेन्रिकस' हें नांव तसेंच राहिलें! लोकांच्या ओळखीचें झालेलें नाणें बदलूं नये, हा व्यवहार त्यांत होता. ह्यामुळें रिचर्डच्या नांवाची इंग्लिश पेनी कोणी विकावयास आणली, तर ती न पाहतांच परत करावी. रिचर्डच्या काळची पेनी ओळखावयाची ती अक्षरांच्या वळणावरून, मुकुटाच्या मोत्यांवरून व टांकसाळ्याच्या नांवावरून.

लहान क्रूसाच्या पेनीस एक रोग जडला होता, तो कांठ कातरण्याचा. नाण्यांचे कांठ वेडेवांकडेच असत; तेव्हां कात्रीनें थोडी थोडी चांदी कापून घेऊन नाणें पुन्हा चालवून द्यावें, हा चोरटा धंदा फार बोकाळला. म्हणून १२४७ मध्यें तिसऱ्या हेन्रीनें क्रूसाच्या भुजा थेट कांठापर्यंत नेल्या. चारी टोंकें दिसत नसतील तर नाणें कातरलेलें समजावें, ही त्यांतील युक्ति. क्रूसाचा आणखीही एक उपयोग होता. सुटी मोड हवी असल्यास क्रूसाच्या रेघेवर पेनी कापून तिचे दोन किंवा चार तुकडे करीत. पाव तुकडा तो फार्दिंग. असे तुकडेही आज संग्राहक आवडीनें ठेवतात, कारण गरिबांच्या हातांतून जें फिरलें तें तेंच.

कातरणें मात्र थांबलें नाहीं, व त्याचा कोप शेवटीं एका दुबळ्या समाजावर झाला. १२७८ मध्यें पहिल्या एडवर्डच्या हुकुमानें देशांतील यहुदी कुटुंबप्रमुखांस नाणीं कातरल्याच्या आरोपावरून पकडण्यांत आलें, व पुढील वर्षीं त्यांपैकीं शेंकडों लोक फांसावर गेले. ख्रिस्ती सोनारही पकडले गेले होते. परंतु देहान्ताची शिक्षा मुख्यतः यहुद्यांच्याच वांट्यास आली. १२९० मध्यें तर त्या सर्व समाजास इंग्लंडांतून हांकलून देण्यांत आलें. कातरलेली पेनी पाहून 'केवढी ही लबाडी' असें सहज तोंडून निघतें. त्या लबाडीचें निमित्त करून केवढा अन्याय घडला, तेंही त्याच नाण्यावर वाचतां आलें पाहिजे.

१२७९ मध्यें ह्याच एडवर्डनें नाण्यांची संपूर्ण नवी घडी बसविली. समोरून दिसणारा कुरळ्या केसांचा राजा, मोठा क्रूस व बारा ठिपके हें रूप तेव्हांचें, आणि पुढें दोनशें वर्षें तें फारसें बदललें नाहीं. अर्धी पेनी व फार्दिंग आतां गोल नाणीं म्हणून निघूं लागलीं, व नाणें कापण्याची गरज संपली. टांकसाळ्याचें नांव जाऊन त्या जागीं केवळ नगराचें नांव आलें. राजाच्या बाजूस लॅटिनमध्यें 'एडवर्ड, इंग्लंडचा राजा, आयर्लंडचा स्वामी' अशा अर्थाचीं तोडलेलीं अक्षरें असतात. दुसऱ्या बाजूस 'सिव्हितास लंडन' किंवा 'सिव्हितास कँटर', म्हणजे लंडन नगर, कँटरबरी नगर. डरहॅम येथील धर्माध्यक्षांस नाणीं पाडण्याचा मान होता. त्यांपैकीं बेक ह्यानें आपल्या पेनीवर निराळ्या घडणीचा क्रूस खूण म्हणून घातला, केलॉ ह्यानें पाठीवरील क्रूसाची एक भुजा धर्मदंडाप्रमाणें वांकविली, व बोमाँ ह्यानें सिंह घातला. तीन धर्माध्यक्षांच्या तीन पेनी शेजारीं ठेवल्या कीं त्या संस्थानाचा पन्नास वर्षांचा इतिहास तळहातावर मावतो.

आमचें नाणें कँटरबरीचें. त्यावरील नांव 'एड्‌वा' असें तोडलेलें आहे, म्हणून तें १३०१ नंतरचें हें ठरतें. परंतु पहिला एडवर्ड १३०७ मध्यें वारला, व त्याचा मुलगा दुसरा एडवर्ड ह्यानें तींच नाणीं त्याच नांवानें चालू ठेवलीं. बाप कोणता व लेक कोणता हें ओळखावें कसें? विसाव्या शतकाच्या आरंभीं फॉक्स ह्या दोघां बंधूंनीं हजारों पेनी तपासून त्यांचे वर्ग लावले, व ते आजही प्रमाण मानले जातात. त्यांतील अकरावा वर्ग लेकाचा; त्याची ओळख अशी कीं, मुकुटाच्या डाव्या बाजूचें बारीकसें टोंक तुटलेलें दिसतें. ठशाची खूण मोडली होती, तिचाच तो दाखला.

आमच्या पेनीवर तें टोंक नाहींसें झालेलें दिसतें. पण तें १३१० च्या सुमारास लंडनच्या कोरणाऱ्याच्या खुणेवरून नाहींसें झालें, कीं आमच्या देवघरांत रांगोळीनें नाहींसें झालें, हें आतां सांगतां येत नाहीं. पुतण्यानें विकत घेतांना काढलेलें छायाचित्र दिव्याच्या उजेडांतलें, अंधुक आहे. त्याचा चेहरा उतरला तो ह्यासाठीं.

वजन, कस आणि शेवट

पुढील इतिहास थोडक्यांत सांगूं. १३४४ मध्यें तिसऱ्या एडवर्डनें सोन्याचीं नाणीं काढलीं. त्यांपैकीं 'नोबल' हें टिकलें, व त्यावर राजा जहाजांत उभा असलेला दाखविला आहे. १३५१ मध्यें चार पेन्सांचें 'ग्रोट' रूढ झालें. १४६५ च्या सुमारास निघालेल्या 'एंजल' ह्या सोन्याच्या नाण्यावर देवदूत मायकेल अजगरास मारीत आहे. गंडमाळ झालेल्या रोग्यांस राजानें स्पर्श केल्यास बरें वाटतें अशी समजूत होती, व अशा प्रसंगीं हेंच नाणें रोग्याच्या गळ्यांत घालीत. चांदी महाग होत गेली तशी पेनी हलकी होत गेली: एडवर्डच्या वेळीं बावीस ग्रेन, १३५१ मध्यें अठरा, १४१२ मध्यें पंधरा, १४६४ च्या सुमारास बारा. वजन घटलें तरी चांदी चोखच राहिली होती, हें लक्षांत ठेवावें. ती अब्रू आठव्या हेन्रीनें घालविली. १५४४ नंतर त्यानें चांदींत इतकें तांबें मिसळलें कीं चांदी एक-तृतीयांशावर आली. नाण्यावर राजाचा चेहरा समोरून. झिजूं लागलें कीं आधीं नाक झिजे व खालचें तांबें दिसूं लागे. लोकांनीं त्याला 'तांबडनाक्या' म्हणावयास सुरुवात केली. आठ बायका-मुलांचा कुटुंबप्रमुख असो वा राजा, पैशांत खोट केली कीं ती तोंडावर दिसते, हेंच खरें.

हातोड्याचीं नाणीं १६६२ नंतर नव्यानें निघेनाशीं झालीं. परंतु जुनीं कातरलेलीं नाणीं चालूच होतीं. तीं सर्व १६९६ च्या सुमारास परत घेऊन वितळविण्यांत आलीं, व त्या कामावर देखरेख करण्यास टांकसाळींत नुकतेच आलेले अधिकारी होते गुरुत्वाकर्षणाचे शोधक आयझॅक न्यूटन. वरच्या जगांतील बहुतेक नाणीं अशा प्रकारें मुशींत गेलीं. म्हणूनच आज जीं नाणीं आपणांस दिसतात, तीं बहुतांशीं पूर्वीं कोणी तरी हरवलेलीं किंवा भीतीनें पुरलेलीं आहेत.

जमिनींतील ठेवा

१८३१ च्या जूनमध्यें टटबरी येथें डव्ह नदीच्या पात्रांत काम करणाऱ्या मजुरांस वाळूंतून चांदीचीं नाणीं मिळूं लागलीं. बातमी पसरतांच सारें गांव नदींत उतरलें. शेवटीं सरकारास मध्यें पडून तें थांबवावें लागलें. लँकेस्टरचा अर्ल टॉमस १३२२ मध्यें राजाविरुद्ध बंड करून पळत असतां त्याचा खजिना तेथें बुडाला असें मानतात. अर्ल स्वतः थोड्याच दिवसांत मारला गेला. नाण्यांची एकूण संख्या एक लाखावर गेली असावी असा अंदाज आहे, पण अंदाजच. कारण मोजण्यापूर्वींच तीं खिशांत गेलीं. उलट १९०८ मध्यें ब्रुसेल्स शहरांत सुमारें दीड लाख नाणीं सांपडलीं. त्यांत इंग्लिश पेनींचा भरणा फार मोठा होता, व तेराव्या शतकांतील पेनींचे वर्ग लावण्यास तो ठेवा अतिशय उपयोगी पडला.

आजच्या काळांतील दोन उदाहरणें शेजारीं ठेवण्यासारखीं आहेत. २०१९ च्या जानेवारींत सॉमरसेट परगण्यांतील च्यू खोऱ्यांत धातुशोधक यंत्र घेऊन हिंडणाऱ्या सात जणांस २,५८४ पेनी सांपडल्या. त्या १०६६ च्या परचक्राच्या वेळच्या. कांहीं पडलेल्या राजा हॅरल्डच्या, कांहीं जिंकणाऱ्या विल्यमच्या. एकाच नाण्याच्या दोन बाजूंवर दोन निरनिराळ्या राजांचे ठसे असलेलीं नाणींही त्यांत निघालीं. नव्या ठशाचा कर चुकविण्यासाठीं टांकसाळ्यानें जुनाच ठसा वापरला असावा असा तर्क आहे. शोधणाऱ्यांनीं रीतसर वर्दी दिली. २०२४ मध्यें तो सबंध ठेवा ४३ लाख पौंडांस तेथील वस्तुसंग्रहालयाच्या संस्थेनें घेतला. इंग्लंडांत १९९६ चा कायदा असा आहे कीं, तीनशें वर्षांहून जुनीं सोन्याचांदीचीं दोन किंवा अधिक नाणीं एकत्र सांपडल्यास चौदा दिवसांत सरकारी अधिकाऱ्यास कळवावें. संग्रहालयास तीं हवीं असल्यास योग्य किंमत शोधणारा व जमिनीचा मालक ह्यांस मिळते. ज्या वस्तूंना हा कायदा लागत नाहीं, त्यांची ऐच्छिक नोंद ठेवणारी योजना १९९७ पासून चालू आहे, व तींत पंधरा लाखांहून अधिक वस्तूंची नोंद झाली आहे.

दुसरें उदाहरण २०१५ चें. लेमिन्स्टर गांवाजवळ दोन इसमांस नवव्या शतकांतील असाच ठेवा सांपडला. त्यांत वेसेक्सचा आल्फ्रेड व मर्सियाचा दुसरा केओलवुल्फ हे दोन राजे शेजारीं बसलेले दाखविणारीं अत्यंत दुर्मिळ नाणीं होतीं. बखरींनीं केओलवुल्फास शत्रूच्या हातचें बाहुलें ठरविलें होतें. नाणीं सांगतात कीं तो आल्फ्रेडचा बरोबरीचा मित्र होता. पण त्या दोघांनीं वर्दी दिली नाहीं. नाणीं चोरून विकलीं. २०१९ मध्यें त्यांस मोठ्या मुदतीच्या कैदेच्या शिक्षा झाल्या. ठेव्यांत सुमारें तीनशें नाणीं असावींत असा अंदाज आहे. त्यांतील बहुतेक अजून परत मिळालेलीं नाहींत. चोरीला गेली ती चांदीच नव्हे. कोणतें नाणें कोणत्या नाण्याशेजारीं पुरलेलें होतें, हें ज्ञान त्याबरोबर गेलें; आणि तें विकत घेतां येत नाहीं.

संग्रह कसा करावा

ह्या छंदास श्रीमंती लागते, हा समज बराचसा चुकीचा आहे. २०२२ च्या आरंभीं तिसऱ्या हेन्रीची सोन्याची पेनी सव्वापांच लाख पौंडांहून अधिक बोलीस गेली, हें खरें. तिचे नमुने जगांत जेमतेम आठ-दहा आहेत. परंतु एडवर्डची झिजलेली साधी चांदीची पेनी इंग्लंडांत एक-दोन चांगल्या ग्रंथांच्या किंमतींत मिळते. नवशिक्यानें पुढील गोष्टी पाळाव्यात, असें आमचें अनुभवानें झालेलें मत आहे.

पहिली, नाण्याआधीं पुस्तक घ्यावें. स्पिंक ह्यांची दर वर्षीं निघणारी सूचि व नॉर्थ ह्यांचे इंग्लिश हातठशाच्या नाण्यांवरील दोन खंड ह्यांवाचून ह्या रानांत वाट सांपडत नाहीं. दुसरी, संग्रहास सीमा असावी. प्रत्येक राजाची एक पेनी, किंवा एकाच नगराचीं सर्व नाणीं, किंवा एकाच राजाच्या सर्व टांकसाळी. सीमा असली म्हणजे अभ्यास होतो, नाहीं तर केवळ सांठा होतो. तिसरी, नकली नाण्यांपासून सावध असावें. आम्हांस आरंभीं एका विक्रेत्यानें जॉन राजाची म्हणून दिलेली पेनी ओतीव निघाली. कांठावर सांच्याची पुसट शिवण होती, अक्षरें सांबण लागल्यासारखीं गुळगुळीत होतीं, आणि वर्षभरानें तशीच, त्याच ठिकाणीं तोच पोंचा असलेली दुसरी पेनी आम्हीं पाहिली. हातोड्याच्या दोन नाण्यांस एकाच जागीं एकच पोंचा असूं शकत नाहीं. चौथी, नाणें कांठांस धरावें, कोरड्या जागीं ठेवावें, व प्रत्येकाबरोबर चिठी असावी: कोठून आलें, कोणाकडून, केव्हां, आणि ठाऊक असल्यास कोणत्या ठेव्यांतून. पांचवी, घासूं नये. चांदीवर चढलेला काळसर थर हा मळ नव्हे. तो खालच्या अक्षरांवरचें पांघरूण आहे.

आमच्याकडील जुन्या शिवरायांची कथाही ह्याहून निराळी नाहीं. भारतांत १८७८ चा निखातनिधीचा कायदा आहे. दहा रुपयांहून अधिक किंमतीचा पुरलेला ठेवा सांपडल्यास सरकारास कळविणें त्यानें बंधनकारक केलें आहे. पण घराचा पाया खणतांना निघालेलें मडकें किती वेळां रातोरात सोनाराच्या मुशींत जातें, हें कोणास ठाऊक नाहीं? नाशिकजवळ अंजनेरी येथें नाण्यांच्या अभ्यासास वाहिलेली संस्था आहे. अशा ठिकाणीं एकदां दाखवावें, विचारावें, एवढेंही आपल्या हातून होत नाहीं.

हें सारें ऐकून काकू बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग त्यांनीं विचारलें, "मग आतां ह्याच्या चिठीवर काय लिहिणार?"

आम्हीं म्हटलें, "पहिला एडवर्ड, असें लिहूं. बहुधा तोच असावा."

"बहुधा कशाला? खरें आहे तें लिही. पहिला किंवा दुसरा, कळत नाहीं. घरांत घासलें गेलें म्हणून कळत नाहीं. माझें नांव घातलेंस तरी चालेल. त्या विलायतेच्या लोकांचींही नांवें होतींच ना नाण्यांवर?"

चिठी तशीच लिहिली आहे. गौरी-गणपति उठल्यावर काकूंनीं आपल्या ट्रंकेंतून एक पितळी डबी काढून आणली. तींत अकरा शिवराया होत्या. काळ्या, जाड, कधींही न घासलेल्या. त्यांच्या आजीच्या बटव्यांतून त्या काकूंच्या आईकडे व तिच्याकडून काकूंकडे आल्या होत्या. घरांत पन्नास वर्षें असून आम्हांस त्यांचा पत्ता नव्हता, कारण आम्हीं कधीं विचारलेंच नव्हतें.

"ह्या घासल्या नाहींत," त्या म्हणाल्या, "ह्यांच्या चिठ्या मी सांगतें तशा लिही. आधीं माझ्या आजीचें नांव लिही, मग गांव."

त्या दिवशीं आम्हीं अकरा चिठ्या लिहिल्या. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं अशी डबी असेल, त्यांनीं ती आजच उघडावी. आणि चिंचेचें भांडें दूर ठेवून, घरांतील वडील माणसांस जवळ बसवून, आधीं कागद व लेखणी घ्यावी, एवढेंच आमचें सांगणें आहे.